काचेवर पाणी येत नाही म्हणजे मोटरच गेली, असं नसतं

व्हॉट्सॲपवर गाडीवाल्यांच्या गटांत एक सल्ला हातोहात पुढे जातो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: काचेवरचा फवारा थांबला की वॉशरची मोटर, म्हणजे टाकीतलं पाणी काचेवर ढकलणारा छोटा पंप, जळाली समजा. मोटर टाकीला चिकटवलेली असते, म्हणून टाकीसकट पूर्ण सेट घ्यावा लागतो. त्यासाठी बंपर उतरवावा लागतो, घरी जमत नाही. मोटर कुठलीही बारा व्होल्टची चालते. आणि नवी मोटर टिकवायची तर टाकीत शाम्पू किंवा कपड्याची पावडर घाला.

पाच विधानं, आणि त्यांतलं एकच अर्धं खरं आहे. बाकीच्यांमुळे लोक चांगली मोटर फेकून नवी बसवतात, आणि फवारा तरी येत नाहीच.

‘फवारा थांबला म्हणजे मोटर जळाली’

आधी कान द्या. इंजिन बंद, इग्निशन चालू, काचा खाली. वायपरचा दांडा ओढा आणि बॉनेटच्या पुढच्या कोपऱ्यातून ‘घूंऽऽ’ ऐकू येतं का ते पाहा. आवाज येतो पण पाणी नाही, तर मोटर फिरते आहे, दोष बहुधा पुढे आहे. आवाजच नाही, तर दोष विजेचा किंवा मोटरचा. हे दोन रस्ते वेगळे आहेत आणि त्या सल्ल्यात ते एकत्र कालवले आहेत.

आवाज येत असेल तर टाकीत पाणी आहे ना, ते पाहा. मग बॉनेट उघडून नोझलकडे, म्हणजे काचेवर पाणी फवारणाऱ्या बारीक तोंडाकडे, जाणारा पाइप पहिल्या जोडावर सोडवा, त्याचं टोक बाटलीत धरा आणि दुसऱ्याला दांडा ओढायला सांगा. बाटलीत पाणी जोरात आलं तर नोझल तुंबलंय. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा क्षार त्या सुईएवढ्या भोकात बसतो. बारीक टाचणीने तो हलकेच मोकळा करा, नोझल तासभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा आणि पाइपकडच्या बाजूने पाणी सोडून धुवा. जाड सुई खुपसली तर भोक मोठं होतं, आणि फवारा काचेऐवजी टपावर जातो.

बाटलीत पाणी आलं नाही तर मागे चला. बॉनेटच्या बिजागरीपाशी पाइप रोज दुमडतो आणि तिथेच चिरतो. पावसाळ्यात उंदीर पाइप कुरतडतात, मग दांडा ओढला की गाडीखाली थारोळं दिसतं. तिसरी जागा टाकीच्या तळाची: बऱ्याच गाड्यांत मोटरच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती शेवाळाने बुजते. आणि दोन-तीनदा दांडा ओढल्यावरच पाणी येत असेल तर पाइपमधला एकमार्गी व्हॉल्व्ह निकामी आहे. पाइपातलं पाणी परत टाकीकडे उतरतं आणि प्रत्येक वेळी नव्याने चढवावं लागतं. त्या व्हॉल्व्हवर बाण असतो, तो नोझलच्या दिशेने हवा.

हे सगळं स्वच्छ असूनही मोटर वाजते आणि पाणी ढकलत नाही, तर आतलं पंख्यासारखं चक्र तुटलंय. तेव्हा मोटर बदला.

आवाजच नसेल तर पहिला फ्यूज. मग मोटरचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढून त्याच्या दोन पिनांवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा आणि दांडा ओढायला सांगा. बारा व्होल्टच्या आसपास आकडा आला आणि मोटरच्या पिना स्वच्छ असूनही ती गप्प राहिली, तर ती गेली. आकडाच आला नाही तर मोटर निर्दोष असू शकते. दांड्यातला स्विच, अर्थिंग किंवा वायर तपासा. कपलरमध्ये हिरवट थर दिसला तर तो आधी खरवडा. चाकाने उडवलेल्या चिखलपाण्याची ती जागा आहे, तांबं तिथे लवकर खराब होतं.

‘टाकीसकट सेट घ्यावा लागतो’

नाही. नेहमीच्या रचनेत मोटर टाकीच्या तळाशी एका रबरी बुशमध्ये नुसती दाबून बसवलेली असते. ना गोंद, ना स्क्रू. टाकी तडकली असेल तरच टाकी घ्या. मोटरबरोबर ते रबर मात्र नवीन घ्या. जुनं रबर कडक झालेलं असतं, आणि नव्या मोटरभोवती थेंब-थेंब गळती सुरू झाली की लोक मोटरलाच दोष देतात.

‘बंपर उतरवावा लागतो’

अर्धं खरं आहे ते हेच. काही गाड्यांत टाकी खरोखर बंपरच्या आत दडलेली असते. काही गाड्यांत बॉनेट उघडलं की वरूनच हात पोचतो. पुष्कळ गाड्यांत पुढच्या चाकावरचा प्लास्टिकचा लायनर अर्धवट दुमडला की काम होतं. टाकीचं तोंड ज्या बाजूला, तिथून टॉर्च मारून आधी बघा. बंपर काढावाच लागत असेल तर पिवळ्या कपलरच्या वायरींना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात. गाडी वॉरंटीत असेल तर तपासणी कंपनीच्या वर्कशॉपमध्येच करून घ्या.

लायनरमधून काम असं होतं. सपाट जागा, हँडब्रेक, इग्निशन बंद. स्टिअरिंग पूर्ण वळवा म्हणजे चाकामागे जागा होते. बहुतेकदा जॅक लागतच नाही. लागलाच तर गाडी जॅक स्टँडवर टेका, नुसत्या जॅकच्या भरवशावर आत हात घालू नका. लायनरच्या क्लिपांची मधली टिकली आधी उचलायची, मग क्लिप निघते. दोन-तीन मोडतातच, म्हणून चार जास्तीच्या आणून ठेवा.

टाकी आधी रिकामी करा. गाडीप्रमाणे दोन ते चार लिटर पाणी असतं, आणि मोटर उपटली की ते सगळं बाहीतून आत येतं. बारीक नळीने वरून सायफन करा, उरलेल्यासाठी खाली बादली. कपलर काढा. पाइप ओढून निघत नसेल तर पक्कड लावू नका, मोटरची प्लास्टिकची चोच, म्हणजे पाइप चढतो ती नळी, मोडते. पाइपचं टोक ब्लेडने सेंटिमीटरभर उभं चिरा आणि तेवढं कापून टाका. आता मोटरचा वरचा भाग टाकीच्या खोबणीतून बाहेर ओढा, मग हलकं पिळत वर उचला. टाकीला टेकून स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचं नाही, टाकी तडकते.

भोकाभोवतीचा चिखल पुसा, टाकी धुवून शेवाळ काढा. नव्या रबराला साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा तेल लावलं तर रबर फुगून ढिलं पडतं. मोटर ‘टप्’ अशी पूर्ण आत बसली पाहिजे. पाइपचं टोक गरम पाण्यात मिनिटभर धरलं की चोचीवर सहज चढतं. मग अर्धा लिटरच पाणी घाला आणि दहा मिनिटं थांबा. तळ कोरडा राहिला तर टाकी भरा, फवारा तपासा आणि शेवटी लायनर लावा.

‘कुठलीही बारा व्होल्टची चालते’

मागे वायपर असलेल्या बऱ्याच गाड्यांत एकच मोटर दोन चोचींची असते. वीज एका दिशेने दिली की पाणी पुढच्या काचेवर, उलट दिली की मागच्या. एका चोचीची मोटर तिथे निरुपयोगी आहे. चोचीची जाडी, टाकीत बसणाऱ्या तोंडाचा व्यास आणि कपलरही जुळायला हवा. जुनी मोटर दुकानात हातात घेऊनच जा. बसवल्यावर पुढचा दांडा ओढला आणि मागची काच भिजली, तर मोटर खराब नाही. दोन पाइप अदलाबदल झालेत.

‘शाम्पू किंवा पावडर टाका’

पावडर पूर्ण विरघळत नाही, तिचा गाळ जाळीत आणि नोझलमध्ये बसतो. शाम्पूचा फेस होतो, आणि फेस म्हणजे हवा. हा पंप हवा ओढू शकत नाही. त्याला थंडावा पाण्याचाच मिळतो, म्हणून टाकी रिकामी असताना दांडा ओढत राहिलं तर मोटर खरोखर जळते. आरओचं किंवा उकळून गाळलेलं पाणी आणि बाटलीवर दिलेल्या प्रमाणात वॉशर फ्लुइड, एवढंच घाला. दांडा एका वेळी दहा सेकंदांहून जास्त धरू नका. आणि हिवाळ्यात मनाली-लेहकडे निघाला असाल तर साधं पाणी काढून न गोठणारं फ्लुइड भरा, कारण पाण्याचा बर्फ झाला की तो फुगून मोटरचं कवच फोडतो.