बाग बघून झाली की जेवू

सासऱ्यांना घेऊन गोव्याला जाऊ नये असं कुठल्याच शास्त्रात लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण हे बायको वाचणार आहे. पण ज्यांनी शास्त्रं लिहिली त्यांचे सासरे बॉटनीचे प्राध्यापक नसावेत.

आमचे बाबा, म्हणजे सासरे, सांगलीचे. आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली पण तास काही सुटला नाही, फक्त वर्गातली मुलं गेली आणि त्या जागी मी आलो. गोव्याचं ठरल्यावर आम्ही सगळे कळंगुट बीच, बागा बीच, क्रूझ वगैरे बोलत होतो तर बाबा म्हणाले, "मला पणजीत फक्त एक बाग बघायचीय, गार्सिया द ऑर्ताची. मग तुम्ही म्हणाल तिकडे." आता साठी-सत्तरीच्या माणसाने आठवड्यात एकच गोष्ट मागितली तर नाही कसं म्हणणार, आणि मी मनात म्हटलं, पणजीत जातोच आहोत तर मस्त कुठेतरी फिश थाळी हाणू. सुरमई रवा फ्राय, हुमण, तिसऱ्याचं सुकं, किसमूर, वर दोन वाट्या सोलकढी. रात्री झोपताना मी या क्रमाने जेवलो पण.

सकाळी कळंगुटहून निघालो. मांडवीचा पूल ओलांडून पणजीत शिरलो आणि मग पाऊण तास पणजीतच होतो, गाडीत. वन-वे रस्ते म्हणजे काय ते त्या गावात शिकावं. अठरा जून रस्त्यावर मी इतक्या वेळा आलो की एका काजूच्या दुकानातला माणूस तिसऱ्या फेरीला हसला आणि चौथ्या फेरीला त्याने हात केला. (बाबांनी तेवढ्यात चिरंजीवांना अठरा जून म्हणजे 1946 सालचा, राममनोहर लोहियांनी गोवामुक्तीसाठी मडगावात सभा घेतली तो दिवस, हे सांगून घेतलं. मागच्या सीटवर इतिहास, पुढच्या सीटवर बायको "अरे ती बघ जागा, गेली बघ" असं.) शेवटी जिथे गाडी लावली तिथून बाग इतकी लांब होती की कळंगुटलाच लावून चालत आलो असतो तर काय बिघडलं असतं.

मग नाष्टा. एका जुन्या हॉटेलात शिरलो, संगमरवरी टेबलं, सगळे लोक पेपर वाचत बसलेले. मी म्हटलं, "पाच पावभाजी, बटर जास्त." वेटरने माझ्याकडे अत्यंत दयाळूपणे बघितलं. "सुकी, पातळ का मिक्स?" आता पावभाजीत पातळ काय असतं? मी आत्मविश्वासाने मिक्स म्हटलं. आली ती बटाट्याची सुकी भाजी आणि त्यावर पांढऱ्या वाटाण्याचा नारळ घातलेला रस्सा. गोव्यात भाजी म्हणजे भाजीच असते, तवा, मॅशर, लाल रंग असलं काही नाही. चिरंजीव म्हणाले, "ही पावभाजी नाहीये, ही डब्यातली भाजी आहे." पण संपवली त्यानेच आधी.

सासूबाईंना सकाळी पाव चालत नाही, पित्त होतं. त्यांनी विचारलं, "पोळी मिळेल का हो?" वेटर म्हणाला, "पोयी? आसा." आणि जी आणली ती गोल, फुगलेली, वर कोंडा भुरभुरलेला, आतून पाकिटासारखी पोकळ. आईंनी ती उचलून बघितली, दाबली, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "पोळी फुगलीय छान, पण भाजायची राहिली." पोयी हा पावाचाच सख्खा भाऊ आहे हे आम्ही त्यांना संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही. पित्तही झालं नाही.

बाग शोधायचं काम माझ्याकडे होतं. गूगल मॅप म्हणे तुम्ही पोचलात. मी एका फळवाल्याला विचारलं, गार्सिया द ऑर्ता गार्डन कुठेय? त्याने कपाळाला आठ्या घातल्या, शेजारच्याला विचारलं, शेजारच्याने आणखी एकाला, चर्चा झाली, आणि मग एकदम उजेड पडला. "म्युनिसिपल गार्डन? हेंच तें." मी कुंपणाला टेकून उभा होतो त्या बागेच्या.

आता बागेबद्दल. 1855 सालची बाग आहे, म्हणजे आपल्याकडे सत्तावन्नचं बंड व्हायच्याही आधीची. मध्ये बँडस्टँड, पाम, बाकं, गवत, समोर ती सिनेमात असते ती पांढरीशुभ्र चर्च आणि तिच्या नागमोडी पायऱ्या. सुंदर आहे, खरंच. पण मी घरून निघताना जी डोळ्यासमोर आणली होती, म्हणजे बंगळुरूची लालबाग किंवा निदान आपली पुण्याची एम्प्रेस गार्डन, त्यातलं काही नाही. इतकी आटोपशीर की बाबांनी एक वाक्य या फाटकापाशी सुरू केलं की क्रियापद येईस्तोवर आपण पलीकडच्या फाटकाबाहेर. मला मनातून आनंदच झाला. घड्याळात सव्वाबारा. म्हटलं वीस मिनिटं, फार तर अर्धा तास, आणि एकला आपण थाळीवर.

"बाग बघून झाली की जेवू," बाबा म्हणाले.

बाग छोटी असली तरी ऑर्ता मोठा होता, हे मी गणितात धरलं नव्हतं.

मध्यभागी एक खांब आहे. त्यावर पूर्वी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता, गोवा मुक्त झाल्यावर तो गेला आणि अशोकाचे सिंह आले. त्या खांबापाशी बाबा उभे राहिले आणि पाठीमागे हात बांधले. पाठीमागे हात बांधले की पंचेचाळीस मिनिटांचा तास असतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहितीय. बायको आणि आई तत्काळ चर्चच्या पायऱ्या बघायला गेल्या. मी आणि चिरंजीव सापडलो.

तर हा ऑर्ता पोर्तुगीज वैद्य, 1534 साली गोव्यात आला. इथल्या वैद्य-हकिमांना विचारून विचारून औषधी झाडांचं पुस्तक लिहिलं आणि 1563 साली ते इथे गोव्यातच छापलं, सगळं प्रश्नोत्तरात. एक ऑर्ता स्वतः आणि दुसरा कुणी डॉक्टर रुआनो, जो मुळात नव्हताच, नुसता प्रश्न विचारायला तयार केलेला. मला त्या रुआनोबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वीसुद्धा कुणीतरी नुसतं उभं राहून "बरं, मग पुढे?" म्हणत होतं.

"हा अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य होता," बाबा म्हणाले. "आणि मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं."

"अख्खी मुंबई?" चिरंजीव.

"अख्खं बेट. तिथे त्याचं घर, बाग, आंब्याचं झाड. वर्षातून दोनदा फळं यायची त्याला, लिहून ठेवलंय त्याने."

मी मुंबईत सव्वीस वर्षं भाड्याने राहतोय आणि आमच्या बाल्कनीत तुळस जगत नाही. असो.

मग मी ती चूक केली. भूक लागली की माणसाला आपण हुशार आहोत असं वाटायला लागतं. डोक्यात सोलकढी, सोलकढीवरून आमसूल, आमसुलावरून कोकम, आणि कोकमाचं शास्त्रीय नाव मला चक्क येत होतं, लग्न ठरल्यावर पाठ केलं होतं. म्हटलं, "बाबा, कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. ते याच गार्सियाच्या नावावरून ना?"

बाबांचा चेहरा असा उजळला की बस. "नाही! सगळे इथेच फसतात, जावईबापू. ते लॉराँ गार्सिनच्या नावावरून. वेगळा माणूस, वेगळं शतक." आणि मग गार्सिन, मग झाडांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणारा लिनियस, मग लिनियसने कुणाकुणाची नावं झाडांना दिली. माझा एक प्रश्न सत्तावीस मिनिटांना पडला. मी घड्याळ बघत होतो म्हणून आकडा पक्का आहे.

मध्येच चिरंजीवांनी विचारलं, "मग तो मेला कसा?"

बाबा थोडे थांबले. म्हणाले, 1568 साली गेला, बिछान्यात. पण तो मूळ ज्यू घराण्यातला, वरून ख्रिश्चन. तो गेल्यावर दुसऱ्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं. आणि 1580 साली त्याची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि ती जाळली.

"हाडं? मेल्यावर?"

"हो."

पोराने खांबाकडे बघितलं, मग चर्चकडे, मग परत आजोबांकडे. चर्चची घंटा पडली. मला तेवढी पाच मिनिटं भूक आठवली नाही, हे कबूल करतो. मग आठवली.

बागेतून निघालो तेव्हा दोन वाजून गेले होते. पहिलं हॉटेल, ज्याचं नाव ऑफिसातल्या प्रत्येकाने दिलेलं, तिथे जिन्यापर्यंत रांग. नंबर लिहून घेतला आणि सांगितलं, चाळीस मिनिटं. बाबा म्हणाले, चाळीस मिनिटं उभं कशाला राहायचं, दुसरीकडे बघू, गावात हॉटेलं काय कमी आहेत. गावात हॉटेलं कमी नव्हती, दुपार कमी होती. दुसऱ्या ठिकाणी पोचलो तर माशांचं जेवण संपलेलं, "नुस्तें ना, चिकन आसा", आणि आई-बाबा दोघेही शाकाहारी, बाबांना अंडं चालतं पण आईंना तेही फक्त केकात. तिसऱ्या ठिकाणी खुर्च्या टेबलावर उलट्या चढवत होते. मी काकुळतीने विचारलं, निदान सोलकढी? तो पोरगा म्हणाला, "आतां सांजेर, सातांक."

आणि मग माझ्या डोळ्यांदेखत पणजी मिटली. शटरं खाली, रस्ते सामसूम. दुकानदार जेवून आडवे झालेले असणार, मला तर शटरच्या मागून घोरणं पण ऐकू आलं, अर्थात तो भुकेचा भास असू शकतो. आपण पुणेकरांच्या एक ते चारवर इतकी वर्षं विनोद करतो, तर पुणेकर निदान पाटी तरी लावतात. इथे दुपारची झोप ही पाटी लावून सांगायची गोष्टच नाही, ती हवेत आहे.

"तो एक पुतळा जवळच आहे," बाबा म्हणाले. "तेवढा बघून घेऊ."

नदीकाठी जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. हा गोव्याचाच, कांदोळीचा पाद्री, पॅरिसला जाऊन संमोहनविद्येत नाव काढलं. काळ्या पुतळ्यात तो हात पुढे करून उभा आणि समोर एक बाई मागे कोसळतेय. लांबून बघितलं तर नवराबायकोचं काहीतरी बिनसलंय असं वाटतं. मी त्याच्या हाताच्या बरोबर रेषेत जाऊन उभा राहिलो. म्हटलं, बाबा रे, एवढं कर, मी पोटभर जेवलोय असं मला वाटू दे. काही झालं नाही. बायको म्हणाली, "काय करतोयस?" मी म्हटलं, उपचार.

चार वाजता आम्ही परत त्याच बागेत, बाकावर. जगात दुसरी जागाच उरली नव्हती. आणि तिथे बायकोने पर्समधून ऑफिससाठी घेतलेलं अर्धा किलो काजूचं पाकीट काढलं. आमच्या अकाउंट्सच्या लोकांनी खास सांगितलेले, सालासकट, भाजलेले. कुणी काही बोललं नाही. सगळ्यांचे हात फक्त पाकिटात जायचे आणि यायचे. पाकीट अर्ध्यावर आल्यावर बाबा म्हणाले, "काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी आणला." आई म्हणाल्या, "आणला ना? मग खा."

सहा-साडेसहाला दिवे लागले आणि पणजी उठली. थाळीची हॉटेलं सातला उघडणार होती पण माझी सात वाजेपर्यंतची वॉरंटी संपली होती. एका कोपऱ्यावर गाडा लागला होता, स्टोव्हचा आवाज, कांदा कापणारा माणूस, पाटीवर लिहिलेलं: रोस ऑम्लेट.

"म्हणजे रस?" बाबांनी विचारलं. "ऑम्लेटबरोबर रस? कसला, आंब्याचा?" दिवसभर ऑर्ताचा आंबा डोक्यात, त्यांचा तरी काय दोष.

"शागुतीचो," गाडेवाला म्हणाला.

मी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की शागुती म्हणजे चिकनचा रस्सा, तो ऑम्लेटवर ओततात, तुमच्यासाठी नुसतं ऑम्लेट-पाव सांगतो. तेवढ्यात गाडेवाल्याने पहिली प्लेट माझ्या हातात दिली. ऑम्लेट दिसतच नव्हतं. तपकिरी, दाट, वर तेलाची तांबूस कड, बारीक चिरलेला कांदा, लिंबाची फोड, आणि वाफ सरळ बाबांच्या चष्म्यावर. बाबांनी चष्मा पुसला. वास घेतला. परत घेतला.

"खसखस आहे," ते म्हणाले. "लवंग. दालचिनी. आणि जायफळ... हो, जायफळच." मग माझ्या प्लेटमधून पावाचा एक तुकडा मोडला आणि कडेकडेने, अगदी प्रयोगशाळेत घेतात तसा, नमुना घेतला. डोळे मिटले. मग दुसरा नमुना घेतला. तिसऱ्या नमुन्यानंतर प्लेट त्यांच्याकडे होती आणि मी दुसरी सांगितली.

आई इतका वेळ शेव खात होत्या आणि बघत होत्या. "अहो, चिकन आहे ते."

"मी फोडी नाही घेतल्या," बाबा म्हणाले. "नुसता रस. आणि लवंग, दालचिनी, जायफळ, हे सगळं ऑर्ताच्या पुस्तकात आहे. औषधी आहे."

"हो का," आई म्हणाल्या. "आणि कोंबडी कुठल्या झाडाला लागते ते पण लिहिलंय का त्याने?"

चिरंजीवांना ठसका लागला. गाडेवाल्याला मराठी व्यवस्थित कळत असावं, कारण तो मान खाली घालून कांदा कापायला लागला, आणि कांदा कापूनच ठेवलेला होता. बाबांनी काही उत्तर दिलं नाही. रिकामी प्लेट तेवढी पुढे सरकवली आणि पावाकडे बोट दाखवून म्हणाले, "दोन अजून. आणि रस जरा वरून."