फोटोवरून काढलंय, मग?

आज एका मित्रानं जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टरचं चित्र शेअर केलं. खाली कुणीतरी लिहिलं, ‘फोटो बघून काढायचं आणि पुसट करायचं, हे तर मोबाइलही करतो.’ त्यावर भराभर हसणारे इमोजी. संताप आला.

हो, अशी चित्रं फोटो बघूनच काढायचा तो. पेपरातले, साप्ताहिकांतले, पोलिसांनी काढलेले. 1966 मध्ये शिकागोत आठ शिकाऊ नर्सेसचा खून झाला, त्यांचे हसरे फोटो पेपरांत छापून आले. रिश्टरनं त्या आठ जणींना एकेक कॅनव्हास दिला. मारेकऱ्याला नाही दिला!

‘18 ऑक्टोबर 1977’ ही त्याची मालिका मी न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ या आधुनिक कलेच्या संग्रहालयात पाहिली, आई बरोबर होती. पश्चिम जर्मनीतल्या बाडर-माइनहोफ या डाव्या अतिरेकी गटाचे लोक तुरुंगात मेले, त्या फोटोंवरून 1988 मध्ये केलेली 15 चित्रं. त्या गटातल्या उलरिके माइनहोफचं प्रेत तीनदा काढलंय. तिसरं सगळ्यात लहान, सगळ्यात धूसर. एरवी संग्रहालयात भराभर पुढे जाणारी आई तिथे थांबली. म्हणाली, ‘कुणाची रे ही पोर?’ मी म्हटलं, अतिरेकी होती. ‘ते नाही विचारलं मी.’

या गटानं ज्यांना मारलं ते या मालिकेत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. चित्रांच्या किमती अचाट आहेत, तेही खरं. पण म्हणून हसायचं?

ओल्या रंगावरून कोरडा ब्रश फिरवून रिश्टर कडा मोडायचा. आई जवळ गेली तर चेहरा आणखी हरवला, म्हणून मागे सरकली, पुन्हा पुढे गेली. पेपरात तोच फोटो तिनं क्षणात उलटला असता. माझी आई, जिला कलेतलं काही कळत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

जाऊ दे, राग ओसरला. कमेंट करणाऱ्यानं ती चित्रं समोरून पाहिली नसतील.

2005 मध्ये रिश्टरनं न्यूयॉर्कच्या दोन मनोऱ्यांवरच्या हल्ल्याचं चित्र केलं. कॅनव्हास जेमतेम टीव्हीच्या पडद्याएवढा. ज्वाळा रंगवल्या आणि मग रंग खरडून काढला. 26/11 ला आपणही दिवसरात्र टीव्हीसमोर बसलो होतो. त्या फुटेजसमोर असं कुणी आपल्याकडे ब्रश घेऊन बसलं असेल तर कृपया नाव सांगा. मला ती चित्रं बघायची आहेत, आईलाही दाखवायची आहेत.