सेवापुस्तक, हसरं तोंड आणि 1970: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'एका अँग्लिकन पाळकाचे मैलाचे दगड' या माझ्या मागच्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली. (अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं.) नाव दिलेलं नाही, नुसतं 'एक वाचक, पुणे' एवढंच आहे. मी सोयीचं तेवढं उचललं असं कुणी म्हणायला नको म्हणून ती आहे तशी इथे देतो:

'अहो पाळकसाहेब, लेख वाचला. 1970 नंतर आपल्याकडे अँग्लिकन उरलंय कुठे? तुमची दीक्षाच 1979ची, मग शीर्षकात तो शब्द कशाला? बाकी लेख म्हणजे निवृत्त अधिकाऱ्याचं सेवापुस्तक: रुजू, बदली, बदली, निवृत्ती. माणसं कुठे आहेत? जातीबद्दल, दाखल्यांबद्दल चकार शब्द नाही. तुमच्या मिसेस तीनदा येतात, तिन्ही वेळा स्वयंपाकघरात. बदलीचं साल एकीकडे 1986, दुसरीकडे 1987.' आणि खाली ते पिवळं हसरं तोंड.

ते तोंड कशासाठी, हे मला खरंच कळलेलं नाही. टीका करायची तर सरळ करावी. 39 वर्षं मी व्यासपीठावरून बोललो आणि खाली उतरल्यावर लोकांचं ऐकून घेतलं. उपदेश लांबला, आवाज बसलाय, मागच्या बाकांपर्यंत पोचत नाही, सगळं तोंडावर ऐकलंय. पण मागच्या बाकावरून कोपरखळी मारून दाराबाहेर सटकणाऱ्याला आमच्या नगरकडे वेगळा शब्द आहे, तो इथे लिहीत नाही. 'अहो पाळकसाहेब' हेही तसंच. साहेब म्हणायचं आणि पुढच्याच ओळीत कारकून करून टाकायचं.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. बदली 1987ची. 1986 हे माझ्या टंकलेखनाचं पाप. दुरुस्त केलं आहे, आभार.

आता 1970. हा मुद्दा तुम्ही एका वाक्यात उडवला आहे, म्हणून मला जरा सविस्तर लिहावं लागतंय.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. सहा चर्चेस एकत्र आली आणि त्यांत आमचं अँग्लिकन चर्चही होतं. अमेरिकन मेथडिस्ट मंडळी अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली. हे सगळं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. मी तेव्हा 17 वर्षांचा होतो. तो आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार होता. आमच्या गावच्या देवळात उपासनेनंतर बिशपांचं पत्र वाचून दाखवलं गेलं. माझे वडील कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षण देणारे मिशनचे सेवक होते; पगार कमी आणि पायपीट जास्त. पत्र त्यांनीच वाचलं. वाचून झाल्यावर एका म्हातारीनं विचारलं, "मंग पुढच्या आयतवारी प्रभुभोजन हाय का न्हाई?" होतं. तेच पाळक, तोच पांढरा झगा, तेच मराठी प्रार्थनेचं पुस्तक, तोच चांदीचा मुलामा उडालेला प्याला. दारावरची पाटी रंगवून घ्यायला तर दीड वर्ष लागलं, आणि रंगही असा हलका लावला की पावसात पाटी भिजली की आतलं 'एस.पी.जी.', म्हणजे आमच्या जुन्या अँग्लिकन मिशनचं नाव, पुन्हा वर यायचं. गावाला आम्ही आजही एसपीजीवालेच आहोत. पलीकडच्या आळीतले अमेरिकन मिशनचे. हे तुम्हाला पुण्यात बसून दिसणार नाही.

'अँग्लिकन' म्हणजे इंग्रजांचं, असा तुमच्या वाक्याचा वास आहे. तुम्ही तसं म्हटलेलं नाही, पण वास आहे. तर हेही सांगतो की इथलं अँग्लिकन चर्च 1930 सालीच कायद्यानं इंग्लंडच्या चर्चपासून वेगळं झालं होतं, देश स्वतंत्र व्हायच्या 17 वर्षं आधी. आणि तुम्ही पुण्याचे आहात म्हणून आठवण करून देतो: 1890 साली पंचहौद मिशनमध्ये चहा पुढे आला आणि त्यावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यावर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, ओढवलं, तो चहा अँग्लिकनांच्याच घरचा. गुरुवार पेठेतलं ते पवित्र नाम देवालय आणि त्याचा उंच घंटाघर अजून उभा आहे. एकदा जाऊन या. चहा मिळेलच असं नाही.

असो. मुद्दा दीक्षेचा. माझा बाप्तिस्मा 1953चा, दृढीकरण, म्हणजे बिशपांच्या हातून तो विश्वास पक्का करण्याचा विधी, 1966चं. नाशिकचे बिशप आले होते, आम्ही 11 मुलं-मुली ओळीनं गुडघे टेकून बसलो होतो आणि त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला तेव्हा त्यांच्या बाहीला नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास होता. पुढे 1979ला डीकन, म्हणजे दीक्षेची पहिली पायरी, झालो. तेव्हा डोक्यावर एकट्या बिशपांचे हात. वर्षभर गळपट्टा, ज्याला आम्ही स्टोल म्हणतो, डाव्या खांद्यावरून तिरपा. 1980ला प्रेस्बिटर, म्हणजे पूर्ण पाळक, झालो तेव्हा बिशपांबरोबर हजर असलेल्या सगळ्या पाळकांनी हात ठेवले. इतके हात एकदम डोक्यावर आले की मान खाली गेली, आणि त्यानंतर स्टोल दोन्ही खांद्यांवरून सरळ. बिशप, प्रेस्बिटर, डीकन ही तीन पदं नव्या चर्चनं ठेवली. ते चर्च आजही जगाच्या अँग्लिकन कुटुंबाचं सभासद आहे, त्याच वेळी मेथडिस्टांच्या आणि सुधारित चर्चेसच्या कुटुंबांचंही. मग 'उरलंय कुठे' हा प्रश्न मला विचारायचा की त्या कुटुंबाला?

आणखी एक सांगतो, म्हणजे हा शब्द मी शोभेला लावलेला नाही हे कळेल. आम्हा अँग्लिकनांत बाप्तिस्मा बाळपणीच होतो. एकीकरणात तो मोठेपणीच देणारी बाप्टिस्ट आणि ब्रदरन मंडळीही आली, म्हणून आमच्याकडे लहान बाळाचा बाप्तिस्मा चालतो आणि मोठेपणी स्वतःच्या कबुलीनं घेतलेलाही चालतो. चर्चच्या घटनेतच तशी सोय आहे. माझ्या दुसऱ्या मंडळीत, म्हणजे बदलीनंतरच्या चर्चमध्ये, एक जोडपं आलं. म्हणाले, "पाळकसाहेब, बाळाचं समर्पण करा, बाप्तिस्मा तो मोठा झाल्यावर स्वतः मागेल." नियमानं मला हो म्हणणं भाग होतं आणि मी म्हटलं. पण रात्री झोप लागली नाही. वेदीजवळच्या त्या दगडी कुंडात आदल्या संध्याकाळी मी सवयीनं पाणी भरून ठेवलं होतं, ते सकाळी बादलीनं काढून झाडांना घातलं. त्या बादलीपाशी मला कळलं की मी आतून कोण आहे. एवढं पुरे की अजून कागद हवेत?

सेवापुस्तकाबद्दल एवढंच सांगतो. माझ्याकडे खरोखरच तीन वह्या असायच्या, बाप्तिस्म्याची, विवाहाची आणि दफनाची. पाळकाच्या आयुष्यातलं तारीखवार असं जे काही असतं ते तिथेच. जे तारखेत बसत नाही ते लोकांनी मला दार लोटून, आवाज खाली आणून सांगितलेलं असतं. कुणाच्या मुलानं काय केलं, कोण कुणाला सोडून गेलं, मरताना कोण कुणाची क्षमा मागत होतं. ती माणसं अजून आहेत, त्यांची नातवंडं मोबाइलवर हेच वाचतात. 'माणसं कुठे आहेत' असं तुम्ही विचारता. माणसं माझ्या पोटात आहेत आणि तिथेच राहतील. पाळकानं लिहायचं म्हटलं की रुजू, बदली, बदली एवढंच लिहिता येतं, याची तुम्हाला कल्पना नसेल तर तो माझा दोष नाही.

तरी एक सांगण्याजोगं आहे, कारण ते भर देवळात, सगळ्यांसमोर झालं. मागच्या लेखात मी फक्त 'पहिला विवाह लावला' एवढं लिहिलं होतं. ख्रिस्ती विवाहाचा कायदा 1872चा आहे. त्याप्रमाणे लग्न सकाळी 6 ते संध्याकाळी 7 याच वेळेत लागलं पाहिजे, नाहीतर बिशपांचा खास परवाना लागतो. नवऱ्याकडची मंडळी एसटीनं येणार होती आणि एसटी घाटात बंद पडली. पावणेसात वाजता वऱ्हाड धावत आलं, नवऱ्याच्या बुटाला चिखल. मी विधी सुरू केला, अंगठीपाशी आलो आणि अंगठी नाही. ती एसटीतच राहिलेल्या ट्रंकेत. माझी नजर घड्याळावर, सात वाजायला नऊ मिनिटं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून सौ. उठली, बोटातली स्वतःची अंगठी ओढून काढली आणि नवऱ्याच्या हातावर ठेवून परत जागेवर बसली. निघत नव्हती म्हणून आधी बोट तोंडात घालून ओलं केलं, हे मी वेदीवरून पाहिलं. सात वाजायला दोन मिनिटं असताना सह्या झाल्या. अंगठी तीन आठवड्यांनी परत आली, गुळाच्या ढेपेबरोबर. हे सेवापुस्तक आहे का?

जात आणि जातीचे दाखले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. 1950चा राष्ट्रपतींचा आदेश, ज्यानं ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवलं, आणि त्यानं आमच्या घराघरात जे केलं, ते पाच ओळींच्या प्रतिक्रियेत किंवा तिच्या उत्तरात मावणारं नाही. 1972च्या दुष्काळात मी याच लोकांबरोबर खडी फोडली आहे, त्यांच्याच रांगेत उभा राहून सुकडी घेतली आहे. मला या विषयाची आठवण पुण्याहून करून द्यायची गरज नाही.

राहता राहिली सौ. तुम्ही मोजलंत म्हणून मीही मोजलं. ती लेखात तीनदा नाही, चारदा आहे. पहिल्यांदा चहा, दुसऱ्यांदा नाताळचा फराळ, तिसऱ्यांदा बिशपांच्या भेटीच्या वेळच्या पोळ्या. चौथ्यांदा ती ओसरीवर आहे. ओसरी म्हणजे स्वयंपाकघर नव्हे. टीका करताना निदान आकडे तरी बरोबर असावेत, तेही माझं साल चुकलं म्हणून बोट दाखवणाऱ्याचे.

आणि गैरसमज नको म्हणून सांगतो, ती 31 वर्षं शाळेत शिक्षिका होती. अमेरिकन मिशनच्या घरातली, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या भजनांवर वाढलेली. माझ्या स्टोलकडे ती आजही जरा संशयानंच बघते. एका मंडळीत माझा पगार चार-चार महिने येत नसे तेव्हा घर तिच्या पगारावर चाललं. बायकांच्या सभेत मला जे कुणी सांगितलं नसतं ते तिला सांगितलं जायचं. दोन अंत्यविधी तर मी परगावी असताना तिनंच उभं राहून निभावले, मी पोचलो तेव्हा माती टाकून झाली होती. हे लेखात का नाही, तर लेख माझ्या दीक्षेच्या टप्प्यांवर होता. विषय सोडून लिहायची मला सवय नाही.

हे उत्तर टाकण्याआधी तिला वाचून दाखवलं. तुमच्या प्रतिक्रियेला ती हसली, तेही मोठ्यानं, याची इथे नोंद करतो. माझं उत्तर ऐकताना मात्र गप्प होती. ओसरीचा मुद्दा आला तेव्हा चष्मा काढून म्हणाली, "तीनच धरा. ओसरीवर मी तांदूळ निवडत बसलेय."