वाघ मेलबर्नला जायचा होता का?

रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर मेलबर्नच्या आतेभावाने दोन फोटो टाकले. एक आपलं व्हीटी, म्हणजे मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनस, आताचं सीएसएमटी; दुसरं तिथलं फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन. खाली मजकूर: लंडनच्या कचेरीत नकाशांची अदलाबदल झाली, मेलबर्नचं स्टेशन मुंबईत आलं आणि मुंबईचं तिकडे गेलं! शिवाय आणखी तीन ‘थक्क करणाऱ्या गोष्टी’. एरवी मी अशा फॉरवर्डच्या वाटेला जात नाही. पण ३२ वर्षं डोंबिवलीहून रोज व्हीटी गाठलेले माझे बाबा चहा पिता पिता म्हणाले, “म्हणजे आपलं स्टेशन चुकून आलं होय!” तिथे माझं डोकं फिरलं.

व्हीटीचं बांधकाम १८७८ साली सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. हे माझ्या पदरचं नाही, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतली नोंद आहे. वास्तुविशारद म्हणून एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचं नाव आहे. फ्लिंडर्स स्ट्रीटच्या आराखड्यासाठी स्पर्धा झाली १८९९ मध्ये. ती जिंकली फॉसेट आणि अ‍ॅशवर्थ या तिथल्याच रेल्वेतल्या दोघा नोकरदारांनी, आणि इमारत पुरी व्हायला १९१० उजाडलं. आपलं स्टेशन बांधून ११ वर्षं झाली तेव्हा कुठे त्यांची स्पर्धा. स्टीव्हन्स तर १९०० साली मुंबईतच वारले. अदलाबदल व्हायला दोन्ही नकाशे एकाच वेळी टेबलावर नकोत?

बरं, सनावळ्या राहू द्या. पुढच्या फाटकाच्या खांबांकडे बघा. एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. हा वाघ मेलबर्नला जायचा होता का? दर्शनी भिंतीवर गोल चौकटींत रेल्वे कंपनीच्या कर्त्या मंडळींचे चेहरे कोरलेत. त्यांत जमशेटजी जिजीभाई आहेत, नाना शंकरशेट आहेत. नाना कोण, हे ऑस्ट्रेलियात कोण कोणाला सांगत बसणार होतं? आणि खरा संताप पुढेच आहे. इथल्या कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. दगडातून पानंफुलं, मोर, प्राणी काढत त्या पोरांनी छिन्नी चालवली, आणि आपण ते सगळं एका फॉरवर्डसरशी कुठल्याशा कारकुनाच्या गोंधळाच्या नावावर मांडून मोकळे!

घुमट दोन्हीकडे आहे, कबूल. ही कथा मेलबर्नची माणसंही चवीने सांगतात, तेही कबूल. पण दोन गावांनी सांगितली म्हणून थाप खरी होत नाही.

उरलेले मुद्दे. ‘१८५३ साली देशातली पहिली गाडी याच वास्तूतून सुटली.’ निम्मं खरं आहे, नाइलाजाने मानतो. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून, म्हणजे याच जागेवरून, ठाण्याला गाडी निघाली. साहेब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे. प्रवासी गाडी म्हणून पहिलीच. पण त्या दिवशी ही वास्तू होती कुठे? तिचं काम सुरू व्हायला अजून २५ वर्षं होती. आणि नुसतं ‘पहिली गाडी’ म्हणाल तर मद्रासकडे १८३७ सालीच दगड वाहायला रेल्वे धावली होती.

‘व्हिक्टोरिया राणीने स्वतः येऊन उद्घाटन केलं.’ बाई हिंदुस्थानात कधी आल्याच नाहीत. १८८७ साली तिच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली म्हणून स्टेशनला नाव दिलं, एवढंच. हां, घड्याळाखालच्या कोनाड्यात राणी होती खरी, पण दगडाची. स्वातंत्र्यानंतर तीही हलवली. कोनाडा आजही रिकामा दिसतो.

‘युनेस्कोने जगातली सर्वोत्तम इमारत म्हणून निवडली.’ युनेस्को असली बक्षिसं वाटत नाही. २००४ साली वारसा यादीत नाव आलं, तेवढं पुरेसं नाही का?

हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “वाघ? कुठल्या फाटकावर?” बरोबरच आहे. ३२ वर्षं माणूस लोकलमधून उतरून थेट सबवेत शिरायचा, पुढच्या फाटकाशी त्याचं काय काम! येत्या रविवारी दाखवायला नेतोय. मेगाब्लॉक नसला तर.