चार पावसाळे जास्त

"बाबा, छत्री नको नेऊस," मुलीने निघताना सांगितलं. "एडिंबऱ्यात छत्री चालत नाही."

"चालत नाही म्हणजे? बंदी आहे?"

"बंदी नाही रे. टिकत नाही."

हे कोणाला सांगावं? माझा जन्म चिपळूणचा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यावर आम्ही म्हणतो, "यंदा म्हणावा तसा झाला नाही." 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात 944 मिलिमीटर मोजला, त्या रात्री मी बूट गळ्यात अडकवून कुर्ल्याहून ठाण्याकडे चालत होतो. आणि एडिंबऱ्याचा पाऊस किती? वर्षाकाठी सातशेच्या आसपास! म्हणजे त्या शहराचा वर्षभराचा पाऊस मी एका मंगळवारी अंगावर घेतला, आणि वरचे दोनशे फुकट. ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ हे वाक्य म्हणायचा हक्क महाराष्ट्रात कोणाला असेल, तर तो मला आहे. तो मी बजावला. मुलगी काही बोलली नाही. तिने आईकडे पाहिलं, आईने छताकडे.

मुलगी लीड्सला असते. तिथून रेल्वेने तीनेक तासांवर एडिंबरा. जूनमधला शनिवार-रविवार, एक रात्र मुक्काम, आम्ही दोघं आणि माझी छत्री. काळी, लाकडी मुठीची, दादरला घेतलेली. दोन पावसाळे विरार लोकलमध्ये काढलेली वस्तू. तिला स्कॉटलंडचं काय कौतुक असणार!

वेव्हर्ली स्टेशनाबाहेर आलो तेव्हा पाऊस होता. म्हणजे होता असं मला वाटलं. थेंब दिसत नव्हते, आवाज नव्हता, पण चष्मा ओला. "ह्याला पाऊस म्हणतात?" मी हसून म्हटलं. ही हसली नाही. तिने जाकिटाची टोपी डोक्यावर ओढली. ती तिने मुलीकडून मागून आणली होती, मला न सांगता.

स्टेशनला हे नाव वॉल्टर स्कॉट या लेखकाच्या कादंबऱ्यांवरून मिळालं आणि बाहेर रस्त्यावर त्याचंच स्मारक आहे, दोनशे फुटांचं, काळंकुट्ट, आत 287 पायऱ्या. आपल्याकडे लेखकाला मिळालाच तर एक चौक मिळतो आणि त्याची पाटी वाढदिवसाच्या फलकामागे असते. इथे खाली कमानीत खुद्द स्कॉट पांढऱ्या संगमरवरात कुत्र्याला घेऊन बसलेला आहे. त्या दिवशी त्या भागात जवळजवळ कोरडे असे ते दोघंच.

तिथून नॉर्थ ब्रिजवर आलो आणि आमचा पाऊस आणि त्यांचा पाऊस यातला फरक लक्षात आला. आमचा पाऊस सरळमार्गी. वरून निघतो, खाली पोचतो. मारला तर धबाधबा मारेल, पण कुठून येतोय ते सांगून येईल. हा आडवा येतो. समोरून येतो म्हणून छत्री समोर धरावी, तर कानात शिरतो. बाजूला धरावी, तर पुलाच्या कठड्याखालून वर येतो. मी छत्रीची ढाल करून, कमानीसारखा वाकून पुढे निघालो होतो. मध्यावर एक झोत आला. छत्रीने क्षणभर विचार केला आणि ती उलटी झाली. लहानपणी आम्ही याला ‘छत्रीचा कावळा झाला’ म्हणत असू. आठपैकी तीन काड्या मोडल्या, कापड एका बाजूने सुटलं आणि तो कावळा माझा हात धरून मला पुलाच्या कठड्याकडे नेऊ लागला. आजूबाजूने एडिंबऱ्याची माणसं कोटाच्या टोप्या ओढून, खिशात हात घालून शांतपणे चालली होती. एकाच्याही हातात छत्री नव्हती. सातशे मिलिमीटरवाले.

पूल संपल्यावर कोपऱ्यात कचऱ्याचा डबा होता. त्यातून आधीच दोन दांडे बाहेर डोकावत होते. मी तिसरा ठेवला.

"नमस्कार करा," ही म्हणाली.

रॉयल माइल म्हणजे किल्ल्यापासून होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा दगडी रस्ता. दोन्ही बाजूंना लोकरीच्या शाली, दुकानादुकानातून बॅगपाइपची रेकॉर्ड आणि दारात टांगलेले प्लास्टिकचे पातळ रेनकोट. पाच पौंड.

"साडेपाचशे रुपये!" हिचा हिशेब तयार. "एकाचे!"

डोक्यावरून घालायचा, बाह्या नाहीत, अंगाभोवती फडफडणार. मला आजीचं इरलं आठवलं. बांबूच्या कामट्या आणि पानं, लावणीला वाकलं की पाठ झाकणारं, हात मोकळे ठेवणारं. इरली गेली आणि आमच्याकडची माणसं युरियाच्या गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून खोळ करू लागली. तीच ही खोळ. फक्त हिच्यावर खताऐवजी शहराचं नाव. आजीला इथे आणली असती तर ती या माणसांत सहज मिसळून गेली असती. परका मीच, छत्रीवाला. दोन खोळी घेतल्या.

किल्ल्यावर पोचलो आणि वारा पडला. बरं वाटलं. तेवढ्यात समुद्राकडून धुकं आलं. उत्तर समुद्रावरून येणाऱ्या या धुक्याला इथले लोक ‘हार’ म्हणतात. मराठी माणसाला हे आधी सांगायला हवं होतं. तिकीट काढून, वेळ ठरवून, रांग लावून आम्ही हार पत्करली. ज्या तटावरून खालचं शहर, खाडी आणि पलीकडचा किनारा दिसतो असं माहितीफलकावर चित्रासह लिहिलं होतं, तिथून फक्त माहितीफलक दिसत होता. मी एका पर्यटकाकडून तिथे आमच्या दोघांचा खोळीतला फोटो काढून घेतला. मागे पांढरं. ‘किल्ल्यावरून दिसणारं विहंगम दृश्य’ असं लिहून तो घरच्या ग्रुपवर टाकला.

मॉन्स मेग मात्र दिसली, कारण ती हाताला लागण्याइतकी जवळ होती. 1449 ची तोफ, सहा टनांची. दीडशे किलोचा दगडी गोळा फेकायची. दुपारी एकला रोज (रविवार वगळून) उडते ती दुसरी, आधुनिक. तिची गोष्ट मला आवडली. लीथ बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून 1852 मध्ये समोरच्या काल्टन टेकडीवरच्या मनोऱ्यावर एक मोठा गोळा बसवला. तो बरोबर एकला खाली पडायचा. पण धुक्यात गोळाच दिसेना! मग 1861 पासून तोफ, म्हणजे निदान ऐकू तरी येईल. आम्ही धुक्यात कान झाकून उभे राहिलो. काहीही दिसलं नाही. एकदम धडाम! हिने माझा दंड इतक्या जोरात धरला, की वळ दुसऱ्या दिवशीही होता. ज्या कामासाठी तोफ ठेवली, ते काम आमच्यावर तंतोतंत पार पडलं.

दुपारी चेंबर्स स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय. प्रवेश फुकट आणि वर छप्पर. एवढ्या दोन गुणांवर अख्खं शहर तिथे जमलं होतं. काचेच्या पेटीत डॉली मेंढी होती. 1996 मध्ये जवळच्याच रॉस्लिनला जन्मलेली, प्रौढ मेंढीच्या पेशीपासून हुबेहूब बनवलेली पहिली. पोरं नाक काचेला लावून बघत होती. ही बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, विज्ञानाचा चमत्कार.

"लोकर बघा कशी कोरडी आहे," ती म्हणाली.

माझ्या बुटात पाणी होतं. पाऊल टाकलं की पचक, उचललं की चुळुक. शेवटी मी पुरुषांच्या स्वच्छतागृहात गेलो, मोजे काढून पिळले आणि हात वाळवायच्या मशीनखाली एक मोजा धरला. मोज्यात गरम हवा शिरली आणि तो आत पाय असल्यासारखा फुगून आडवा उभा राहिला. नेमका तेव्हा एक स्कॉटिश आजोबा आत आले. एका हातात मोजा, एक पाय बगळ्यासारखा वर, अशा अवस्थेत मी त्यांच्याकडे बघून हसलो. त्यांना काहीच विशेष वाटलं नाही. त्यांनी मोज्याकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "ड्रीख."

शेवटचा ख घशातून, खाकरल्यासारखा. मुलीला फोन करून अर्थ विचारला. कुंद, मळभ, रिपरिप, चिकचिक आणि त्या सगळ्याचा आलेला कंटाळा, हे एका शब्दात. मी आयुष्यभर मुसळधार, संततधार, झड असल्या शब्दांवर छाती फुगवत आलो. पण हातात मोजा धरून एका शब्दात मोकळं होण्याची सोय आपल्याकडे नाही.

रात्री हॅगिस खाल्लं. मेंढीचं काळीज, फुप्फुस, ओट आणि मिरपूड. वेटर आमच्या चेहऱ्याकडे अपेक्षेने बघत होता. वजडी खात वाढलेल्या माणसांनी त्याची निराशा केली. हिने वर लिंबू मागितलं.

रविवारी काल्टन टेकडी. वर ग्रीक देवळासारखे बारा खांब आहेत. 1826 ला काम सुरू केलं, 1829 मध्ये पैसे संपले, खांब तसेच राहिले. छप्पर नाहीच. त्यामुळे आडोसाही नाही. दहा मिनिटांत उतरलो.

परतीच्या गाडीसाठी निघालो तर बाल्मोरल हॉटेलच्या मनोऱ्यावरचं घड्याळ बघून पोटात गोळा आला. लोकांची गाडी चुकू नये म्हणून ते घड्याळ मुद्दाम तीन मिनिटं पुढे ठेवतात. हे मला माहीत होतं, मीच हिला आदल्या दिवशी सांगितलं होतं. पण पायांना माहीत नव्हतं. दोन खोळी फडफडत जिन्यावरून स्टेशनात उतरल्या.

गाडी सुटल्यावर फोन उघडला. चिपळूणहून चुलतभावाचं उत्तर आलं होतं. हिने चष्मा पुसून मोठ्याने वाचलं.

"दादा, कुंभार्ली घाटात आलास आणि खाली घरी उतरला नाहीस? आणि वहिनीला गोणीची खोळ काय घातलीस? घरात दोन छत्र्या पडल्यात."