ट्यूबने खाज जाते, नायटा जात नाही

पावसाळा लागला की हा निरोप फिरू लागतो: "नायटा म्हणजे घामाची बुरशी. मेडिकलमधून मिक्स ट्यूब आणा, खाज थांबली की बंद करा. टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधाने गेला नाही तर गोळी डबल करा. नवी हट्टी बुरशी ही नुसती बोंब आहे."

आधी ट्यूब. तिच्यात बुरशीचं औषध असतं, अँटिबायोटिक असतं आणि बहुतेक वेळा क्लोबेटासॉलसारखं जहाल स्टेरॉइडही. दोन-तीन दिवसांत लाली-खाज उतरते ती या स्टेरॉइडमुळे: त्या जागची प्रतिकारशक्ती झोपवली जाते आणि बुरशी निवांत पसरते. नायट्याचा ठळक गोल काठ पुसट होतो, चट्टा वेडावाकडा दिसतो, पाहणारा डॉक्टरही चकतो. जांघेतली कातडी मुळात पातळ; तिथे पडलेले ताणाचे पांढरे वळ कायमचे राहतात. 2018 मध्ये सरकारने 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकताच येत नाहीत. आता काउंटरवर काय होतं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे.

बुरशी नवी आहे, हे मात्र खरं. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. अनुराधा चौधरी यांच्या गटाने 2018 मध्ये तपासलेल्या या बुरशीच्या नमुन्यांपैकी सुमारे एक तृतीयांश टर्बिनाफिनला दाद देत नव्हते. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिलं. 2023 मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये सापडली तेव्हा दोन रुग्णांपैकी एकीने अलीकडे परदेश प्रवासच केला नव्हता. तेव्हा नुसत्या घामाला बोल लावून भागत नाही.

गोळी डबल करून काय होतं? टर्बिनाफिन बुरशीच्या स्क्वॅलीन इपॉक्सिडेज या एन्झाइमला चिकटतं आणि तिच्या पेशीचं आवरण बनू देत नाही. या बुरशीत बहुधा त्या एन्झाइममधलं 397वं अमिनो आम्ल बदललेलं असतं. कुलूपच बदललंय, तिथे तीच किल्ली दोनदा फिरवून काय उपयोग! यकृतावरचा ताण तेवढा वाढतो.

मग बहुतेक वेळा इट्राकोनाझोल हे बुरशीचं दुसरं औषध देतात, सहसा 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. त्याच्याही अटी आहेत. कॅप्सूल भरपेट जेवणानंतर घ्यायची, फोडायची नाही. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर कॅप्सूल नीट शोषली जात नाही. कोलेस्टेरॉलची काही औषधं किंवा हृदयाचा अशक्तपणा असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

"खाज थांबली की बंद" हा सल्ला तर सगळ्यात घातक. खाज पहिल्या एक-दोन आठवड्यांत कमी होते. बुरशी कातडीत असतेच. उपचार बऱ्याचदा सहा-आठ आठवडे, कधी त्याहून जास्त चालतात.

शंका असेल तर खरवड तपासून घ्या. चट्ट्याच्या मधली नव्हे, काठाची खपली खरवडतात, तिच्यावर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, थोडा वेळ थांबतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली आडवे पडदे असलेले बुरशीचे फाटेफुटे धागे शोधतात. नुसतं बुरशीचं मलम लावून गेलात तर धागे न दिसण्याची शक्यता असते. स्टेरॉइड लावलेल्या चट्ट्यात मात्र ते अनेकदा खच्चून भरलेले दिसतात.

घरात दुसऱ्या कुणाला चट्टे असतील तर त्यांचेही उपचार त्याच वेळी सुरू करा. टॉवेल वेगळा ठेवा, आतले कपडे 60 अंशांच्या पाण्यात धुवा.