म्हणे फुटबॉल रक्तात असतो!

नाशिकच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. 'मराठी पालकांनो, वेळीच जागे व्हा' अशी त्याची सुरुवात. सार असं: फुटबॉल ईशान्येकडच्या, बंगालच्या, गोव्याच्या आणि केरळच्या पोरांच्या रक्तातच असतो. डोंगरावर राहून त्यांची छाती भरते. ते भात-मासे खातात, आपण पोळी-भाजी. कोल्हापूर हा अपवाद, तोही तालमींचा. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, मराठी पोरगं औषधालाही सापडत नाही. तेव्हा नाशिकसारख्या गावातल्या क्लबात पैसे घालवू नका. अकरा वर्षांच्या आत मुलाला मुंबई-पुण्याच्या निवासी अकॅडमीत टाका, नाहीतर बॉल काढून घ्या आणि क्रिकेटचं किट आणून द्या.

असले मेसेज मी उघडतही नाही. पण हा आमच्या दाजींनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'विचार करण्यासारखं आहे.' दाजी विचार करायला बसले की घरातलं काहीतरी बंद होतं, हे ताईला चांगलं ठाऊक आहे. भाचा सहावीत आहे, इंदिरानगरच्या एका क्लबात खेळतो आणि सध्या त्याची पुढच्या तिमाहीची फी अडकून पडली आहे. म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी ते रक्त. एखादा खेळ एखाद्या प्रदेशाच्या रक्तात असेल तर तो एकाच रक्ताच्या माणसांत दिसायला हवा ना? मेसेजवाल्याने मिझो, बंगाली, गोवेकर आणि मलबारी एका दमात 'त्यांच्या रक्तात' म्हणून टाकले. या चौघांत रक्ताचं असं काय साम्य आहे, जे नेमकं नाशिककराला वगळून जातं? आणि संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा, आठ वेळा जिंकलेला पंजाब कुठे गेला? १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग पंजाबातल्याच फगवाड्याच्या जेसीटी क्लबने जिंकली होती. पंजाबचं रक्त बहुधा यादी करताना लक्षात राहिलं नसावं.

उंचीचं तर हसूच येतं. आयझॉल समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटरवर आहे, हे खरं. पण मणिपूरच्या खेळाडूंचा मोठा भाग ज्या इम्फाळच्या खोऱ्यातून येतो ते ८०० मीटरच्याही आत आहे, म्हणजे आपल्या नाशिकपेक्षा फार तर दोनशे मीटर वर. कोलकाता जवळजवळ समुद्राच्या पातळीला, आणि संतोष ट्रॉफी सर्वाधिक वेळा, म्हणजे तीसहून जास्त वेळा, बंगालकडे. गोवा किनाऱ्यावर. आणि उलट बाजूने बघायचं तर महाबळेश्वर आयझॉलपेक्षाही उंच आहे. तिथून आजवर स्ट्रॉबेरी आली, सेंटर फॉरवर्ड आलेला नाही. दमसासच म्हणाल तर कविता राऊत आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याची. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. रिओ ऑलिंपिकला रोइंगमध्ये गेलेला दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातला. ही छाती कुठून भरली म्हणायची?

या मुद्द्यात गंमत आहे तसा विखारही आहे, आणि त्याचा मला जास्त राग येतो. 'त्यांची शरीरयष्टीच वेगळी' हे वाक्य कौतुकासारखं ऐकू येतं. पण त्याने त्या पोरांचे कष्टही पुसले जातात आणि आपला आळसही झाकला जातो. त्यांनी काही केलं नाही, त्यांना ते मिळालं. आपण काही करायची गरज नाही, आपल्याला ते मिळणारच नाही. इतकं सोयीचं तत्त्वज्ञान दुसरं नाही.

मग फरक कशाचा? २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरमची लोकसंख्या साधारण ११ लाख होती. नाशिक महापालिका हद्दीत त्याच वेळी पावणेपंधरा लाखांच्या आसपास माणसं राहत होती. म्हणजे ते राज्य आपल्या शहरापेक्षा लहान. २०१४ मध्ये त्या राज्याने संतोष ट्रॉफी जिंकली. २०१७ मध्ये आयझॉल एफसीने कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या नाकावर टिच्चून आय-लीग ही क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. त्याआधी काय झालं होतं ते बघा: २०१२ पासून मिझोरम प्रीमियर लीग सुरू झाली, तिचे सामने तिथल्या स्थानिक केबल वाहिनीवर घराघरांत दिसू लागले, आयझॉलमध्ये कृत्रिम गवताची मैदानं आली, आणि पुढे लहान मुलांसाठीही लीग आल्या. लीग म्हणजे हरलात तरी पुढच्या आठवड्यात परत मॅच. मणिपुरात वस्तीवस्तीचा क्लब आहे. केरळच्या मलप्पुरममध्ये पीक निघालं की मोकळ्या शेतात सात-सात जणांच्या स्पर्धा लागतात आणि लाकडाच्या तात्पुरत्या गॅलऱ्यांवर माणसं खच्चून बसतात. सगळीकडे समान गोष्ट एकच: घराजवळ खेळायला जागा, आणि मॅच. भरपूर मॅच.

आता आपल्याकडचं बघा. भाच्याच्या शाळेचा चौदा वर्षांखालचा संघ मागच्या मोसमात जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धेत उतरला. स्पर्धा बाद पद्धतीची. सकाळी लवकर रिपोर्टिंग, मग उन्हात बसून राहणं, कारण आधीच्या मॅचचा एक संघ आलाच नव्हता आणि त्याची वाट बघितली जात होती. शेवटी खेळ सुरू झाला. आखीव रेषा अर्ध्या पुसलेल्या, एका गोलच्या जाळीला भोक, त्यामुळे एक गोल होता की बाहेरून गेला यावर पाच मिनिटं वाद. बरोबरी, मग टायब्रेकर, मग तिसऱ्या पेनल्टीला आमच्या गोलकीपरचा हात लागूनही बॉल आत. जेवायच्या वेळेला पोरं घरी. शाळेच्या संघाचं फुटबॉलचं वर्ष संपलं! उरलेले महिने क्लबात कोन मांडून झिगझॅग पळायचं, बिब घालून आपापसांत सहा-सहा जण खेळायचं, तेही अर्ध्या ग्राउंडवर, कारण उरलेल्या अर्ध्यात क्रिकेटची नेट लागलेली असते. गंगापूर रोडला, पाथर्डी फाट्याला टर्फ झाले खरे, पण संध्याकाळ बॉक्स क्रिकेटवाल्यांनी आधीच धरलेली असते. अशा पोराला ज्याने वर्षभर दर आठवड्याला खऱ्या मॅच खेळल्या आहेत त्याच्यासमोर उभं करायचं, आणि पाच-शून्य हरला की म्हणायचं, रक्तात नाही!

भात-माशांचं एका वाक्यात उरकतो: पंजाब रोटी खातो, कोल्हापूर भाकरी आणि तांबडा-पांढरा खातं, आणि कोकणात आपले लोक पिढ्यान् पिढ्या भात-मासेच खात आले आहेत.

आयएसएलमध्ये मराठी नाव नाही? राहुल भेकेचं नाव मेसेजवाल्याने ऐकलेलं दिसत नाही. २०१९ च्या अंतिम सामन्यात जादा वेळेत गोव्याविरुद्ध हेडरने गोल करून बंगळुरूला विजेतेपद मिळवून देणारा हाच. पुढे २०२४ मध्ये मुंबई सिटीने करंडक जिंकला तेव्हा कर्णधारही हाच. आणि मिझोरमच्या ज्या चमत्काराचे दाखले दिले जातात, त्या २०१७ च्या आयझॉलच्या संघात मुंबईचा जयेश राणे होता. कोच होते मुंबई एफसीतून बाहेर पडून तिकडे गेलेले खालिद जमील, जे आज भारताच्या संघाचे कोच आहेत. रक्ताच्या सिद्धांतात हे दोघे कुठे बसवायचे ते दाजींनी सांगावं. संख्या कमी आहे, मान्य. पण 'कमी' म्हणजे 'नाही' नव्हे.

कोल्हापूरला 'अपवाद' म्हणून बाजूला सारणं ही तर चलाखी आहे. तिथले लोक मराठीच आहेत, नाशिकपेक्षा वेगळी प्रजा नाही. तिथे पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा पेठांतल्या तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर त्यांची लीग होते आणि गर्दी होते. (कधीकधी गर्दीची हुल्लडबाजीही होते, ते सोडा.) त्याच गावातला, रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच संघात आठ पोरं एकट्या मणिपूरची होती. मणिपूरची वस्ती आणि कोल्हापूरची पेठ यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही. म्हणजे ज्याला अपवाद म्हणता तोच पुरावा आहे.

आता त्या सगळ्यात घातक सल्ल्याकडे येतो: अकरा वर्षांच्या आत अकॅडमीत टाका, कारण 'त्या वयात खरं टॅलेंट ओळखू येतं'. अकराव्या वर्षी ओळखू येते ती उंची. बेल्जियमचं उदाहरण घ्या, कारण तिथे जवळजवळ प्रयोगच झाला. तिथे वयोगट मोजायची रेघ, म्हणजे वर्ष कुठल्या तारखेपासून धरायचं ते, पूर्वी १ ऑगस्टला असायची. तेव्हा युवा संघांत निवडलेल्या पोरांत ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबरला जन्मलेल्यांचा भरणा असायचा. १९९७ मध्ये ती रेघ १ जानेवारीवर आणली. हेल्सन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये आधीचे आणि नंतरचे जन्ममहिने तपासून मांडले: नव्या रेघेनंतर जानेवारी ते मार्चची पोरं एकदम 'गुणवान' ठरू लागली होती आणि ऑगस्टवाले मागे पडले होते. देश तोच, क्लब तेच, जेवण तेच. फक्त कॅलेंडरची रेघ सरकली. म्हणजे निवड करणारे ज्याला उपजत गुण समजत होते तो बऱ्याच अंशी सहा-आठ महिन्यांचा मोठेपणा होता. अमेरिकेतल्या प्रमुख युवा फुटबॉल संघटना तर २०२६-२७ च्या हंगामापासून जन्मवर्षाची रेघ सोडून पुन्हा ऑगस्टवर जात आहेत, मुख्यतः पोरं आपापल्या शाळेच्या वर्गाबरोबर खेळावीत म्हणून. रेघ कुठेही ओढा, तिच्या चुकीच्या बाजूला कुणाचा तरी मुलगा पडणारच.

आमचा भाचा नोव्हेंबरचा आहे. जानेवारीच्या रेघेने तो त्याच्या गटात जवळजवळ सगळ्यांत लहान. खांद्याला खांदा लागला की पडतो. पण पडायच्या आधी पास दिलेला असतो, हे बाजूला उभं राहून बघणाऱ्याला दिसतं. चाचणीत शंभर पोरं एका तासात बघणाऱ्याला दिसत नाही. त्याला आत्ता उचलून वसतिगृहात ठेवायचं, लाखांत फी भरायची, आणि वर्षाने तिथल्या कोचने 'फिजिकली कमी पडतो' असं सांगितलं की परत आणायचं? मेसेजच्या अगदी तळाला एका अकॅडमीच्या प्रवेशासाठी फोन नंबर आहे, हे दाजींनी बहुतेक पाहिलं नाही. मराठी पालकांची एवढी काळजी कशासाठी, ते तिथे कळतं.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. नाशिकमध्ये राहून एका मर्यादेपुढे जाता येत नाही, निदान आज तरी नाही. चौदा-पंधराव्या वर्षी पोरगं खरंच चमकत असेल तर बाहेर पडावंच लागतं. अनिकेत जाधव कोल्हापुरातून पुण्याला गेलाच की, पण बालेवाडीला, सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत. मिझोरमचा लालियानझुआला छांगटे, आजच्या भारतीय संघातलं मोठं नाव, तोही पुण्याच्या डीएसके शिवाजियन्स अकॅडमीत येऊन गेला. (तो क्लबही पुढे आय-लीगमधून बाहेर पडला, तेव्हा 'मोठी अकॅडमी म्हणजे पक्की अकॅडमी' असंही नाही.) पण छांगटे आधी मिझोरममध्ये खेळून मग आला. मेसेज सांगतो त्याच्या हे बरोबर उलटं आहे.

तेव्हा दाजी, फी भरा. क्लबच्या सरांना पदकं किती मिळाली ते विचारू नका, वर्षाला मॅच किती लावता ते विचारा. उत्तर देताना ते घुटमळतील, कारण मॅच लावायला समोर संघ लागतो आणि आपल्याकडचे क्लब एकमेकांकडे पोरं पळवणारे म्हणून बघतात. इंदिरानगर, सिडको, पंचवटी, नाशिकरोड, देवळाली कॅम्प असे चार-पाच क्लब जरी मान्य झाले तरी पावसाळा संपल्यापासून परीक्षेपर्यंत दर रविवारी सकाळी सगळ्यांची एकेक मॅच होऊ शकते. करंडक नको, उद्घाटनाला पाहुणे नकोत, फ्लेक्स तर अजिबातच नको. पहिल्या महिन्याचे रेफरीचे पैसे मी भरतो. ग्राउंडची परवानगी तुम्ही आणा. महापालिकेत तुमची ओळख आहे असं दर दिवाळीला ऐकतो.